हलगी, मोबाईल आणि आकड्यांची वही

उसाच्या बिलावर पथनाट्य करायचं ठरलं की आमचं काम तालमीनं सुरू होत नाही, काट्याच्या पावतीनं सुरू होतं. कर्नाटकात सगळ्यात जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत, आणि सीमेपलीकडचे कोल्हापूर जिल्ह्यातले कारखानेही इथला ऊस नेतात. गळीत हंगाम लागला की निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न असतो, "बिल आलं काय गा?" शेजारच्या बाकावरून तोच प्रश्न कन्नडमध्ये येतो, "बिल बंतेनप्पा?" या एका प्रश्नावर चौकातलं नाटक, इंटरनेटवरचा व्हिडिओ आणि छापायचा लेख अशी तीन कामं एकाच गटानं कशी ओढायची, त्यात काय बिघडतं आणि का, ते इथं लिहितो आहोत.

आमचा क्रम ठरलेला आहे. आधी वही, मग चौक, चौकातून लेख, आणि व्हिडिओ सगळ्यात शेवटी. नव्या मुलांना हे उलटं वाटतं. मोबाईल खिशातच असतो, तालमीच्या दिवशीच चित्रण उरकावं असं त्यांना वाटतं. पण चौकात चुकलेलं वाक्य पुढच्या गावात सुधारता येतं, छापलेल्या चुकीचा खुलासा पुढच्या अंकात देता येतो. व्हिडिओ एकदा कुणी उतरवून, कापून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडला की आपण मूळ काढून टाकलं तरी कापलेली प्रत फिरतच राहते. म्हणून चौकातल्या लोकांनी टोकून टोकून सरळ केलेलं तेवढंच कॅमेऱ्यापुढं न्यायचं.

वही साधी दोनशे पानी असते. पान आडवं धरून रकाने पाडायचे: विधान काय, कागद कुठला, कागदावरची तारीख, तो कुणी डोळ्यांनी पाहिला, आणि विधान नाटकात, लेखात, व्हिडिओत कुठं वापरलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आकडा बदलला की तो कुठं कुठं दुरुस्त करायचा हे त्यावरूनच कळतं. तोंडी ऐकलेलं वहीत जातं, पण पेन्सिलीनं. कागद पाहिला की त्यावर शाई फिरवायची.

ऊसबिलाच्या पानावर पहिली नोंद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाची. ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, आणि उशीर झाला तर १४ दिवसांनंतरच्या काळासाठी वर्षाला १५ टक्के व्याज द्यायचं, असं त्यात आहे. चौदा दिवस शेतकऱ्याला माहीत असतात. व्याजाची ओळ मात्र आम्हाला दाखवलेल्या बिलांत सापडत नाही. दुसरी नोंद दराची. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की ३.४६ रुपये वाढतात, आणि ९.५ टक्के किंवा त्याहून कमी उतारा असेल तर दर ३२९.०५ रुपये. म्हणजे टनाला ३,५५० हा आकडा प्रत्येक कारखान्याचा नाही, आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते हे नाटकात सांगितलं नाही तर लोक तिथंच उठून विचारतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं तेव्हा ३,५५०, ३,५०० आणि ३,३०० हे तीन आकडे एकाच वेळी लोकांच्या तोंडी होते. पहिला केंद्राच्या एफआरपीचा, दुसरा आंदोलनाच्या मागणीचा, तिसरा राज्य सरकारनं जाहीर केलेला. तिघांचा पाया वेगळा. वहीत तिन्हींना स्वतंत्र ओळ लागते, नाहीतर तालमीत ते एकमेकांत मिसळतात आणि चौकात आपण खोटे ठरतो.

वहीत एक हिशेबही मांडून ठेवायचा, कुणालाही पाटीवर करून दाखवता येईल असा. साठ टन ऊस. कपात जाऊन टनाला ३,००० रुपये सुटतात असं धरलं तर १,८०,००० रुपये झाले. बिल ७४ व्या दिवशी आलं, म्हणजे उशीर ६० दिवसांचा. १५ टक्क्यांनी व्याज होतं ४,४३८ रुपये. पोत्याला १,३५० च्या भावानं डीएपी खताची तीन पोती येतात त्यात. हे पोत्याचं माप नाटकात फार चालतं, कारण टक्के कानावरून जातात पण पोतं दिसतं. लेखात मात्र आधी टक्केच लिहावेत, पोती नंतर.

जुनं नाटक नव्यानं उभं करताना वही पुन्हा तपासावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जमावबंदीचं १४४ कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यामुळं निपाणीच्या विडी कामगार बायांवरच्या नाटकात १९६६ च्या विडी कामगार कायद्याचा उल्लेख आता जसाच्या तसा ठेवता येत नाही. कलमाचा आकडा ठसक्यात म्हणणारं पात्र लोकांना आवडतं, पण तो जुना निघाला तर समोरचा हवालदारच ते दाखवून देतो. शक्यतो कलमाचा आकडा संवादात घालूच नये. तो लेखात शोभतो.

सरकारी कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. इथली अडचण महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांना लवकर लक्षात येत नाही. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणं एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे कन्नड. मराठीतला अर्ज परत आला तर तो महिना वाया जातो. म्हणून मजकूर मराठीत ठरवायचा, कन्नड जाणणाऱ्याकडून लिहून घ्यायचा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावायची आणि स्पीड पोस्टानं पाठवायचा. मुदत ३० दिवसांची. हंगाम नोव्हेंबरमध्ये लागणार असेल तर अर्ज सप्टेंबरातच गेलेला बरा. दोन विषय असतील तर दोन अर्ज. एकातच कोंबले तर दोन्ही अडकतात.

आता चौक. सात ते नऊ माणसं पुरतात. पाचांत एक आजारी पडला की प्रयोग मोडतो, आणि बारा झाली तर टमटममध्ये मावत नाहीत. रिंगण वीस-बावीस फूट व्यासाचं. त्याहून मोठं केलं की पलीकडच्या कडेला शब्द पोचत नाहीत. माईक नसताना दीडशे-दोनशे माणसांपर्यंत आवाज जातो, तोही मागं भिंत असेल तर. देवळाची, चावडीची किंवा शाळेच्या कुंपणाची भिंत पाठीशी घेऊन अर्धवर्तुळ करावं. उघड्या मैदानात पूर्ण गोल फसतो, कारण नटाची पाठ कायम कुणाकडं तरी असते. रस्त्याच्या कडेला करायचं तर उसाच्या ट्रॅक्टरांची वेळ टाळायची. दोन ट्रॉल्या लागून गेल्या की अख्खा प्रवेश वाहून जातो. पाहणाऱ्यांना सावली आणि नटांच्या तोंडावर उजेड, असं ऊन बघून जागा धरायची.

गर्दी हलगी जमवते. पाच-सात मिनिटं नुसती हलगी, मग झांज, मग घोषणा. पोरं आधी येतात, त्यांना पुढं खाली बसवायचं, म्हणजे मोठी माणसं मागं उभी राहतात आणि रिंगण आपोआप बांधलं जातं. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी चिपाडाच्या जाळावर शेकावं लागतं. जास्त शेकलं तर फाटतं. शेकताना दुसऱ्या हातानं टिचकी मारत राहायचं, आवाज टणक झाला की बाजूला घ्यायची. संवाद चालू असताना हलगी बंद. ही शिस्त तालमीतच लावावी लागते, नाहीतर वाजवणाऱ्याचा हात राहत नाही.

नाटक वीस-पंचवीस मिनिटांचं. बाजारात अठराच मिनिटं. पहिल्या दोन मिनिटांत भांडण दिसलं पाहिजे. ऊसबिलाच्या नाटकात आम्ही काट्यापासून सुरू करतो. दोन माणसं दोर धरून तराजू होतात, तिसरा ऊस होऊन लोंबकळतो, चौथा अंगठ्यानं पारडं दाबतो. एक शब्द बोलायच्या आत लोक हसतात आणि ओळखतात. मग ऊसतोड टोळीवाल्याची खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याची एंट्री (दोन्ही वरून मागितलेले पैसे), पावती, आणि बँकेच्या दारातली वाट बघणी. मधल्या जागी चौदा दिवस मोजायचे. हलगीचा एक ठोका म्हणजे एक दिवस. पहिला ठोका आणि "एक", दुसरा आणि "एरडु", तिसरा आणि "तीन", असं आलटून पालटून मराठी-कन्नड. चारपाच ठोक्यांनंतर मोजणी आम्ही सोडून देतो, लोकच मोजतात. "हदिनाल्कु" म्हणून चौदावा ठोका पडला की हलगी थांबवायची आणि काहीच बोलायचं नाही. पण चौदा पूर्ण मोजू द्यावेत. घाई करून दहावर आणलं की त्या थांबण्याला वजन राहत नाही.

सीमाभागात नाटक लिहिताना सगळ्यात मोठा धोका भाषेच्या वाटणीचा. शेतकरी मराठी बोलतो आणि साहेब कन्नड बोलतो, असं लिहायला हात आपोआप वळतो, कारण सरकारी कचेरीत अनुभव तसाच येतो. मराठीतून कागद मिळावेत हा लढा खरा आहे आणि त्यावर नाटक करायचं तर ती वाटणी विषयाचाच भाग आहे. ऊसबिलाच्या नाटकात ती आणली की निम्मं रिंगण गेलं. अथणीच्या कन्नड शेतकऱ्याचं आणि निपाणीच्या मराठी शेतकऱ्याचं बिल सारखंच अडकलेलं असतं. म्हणून दोन्ही बाजूंना दोन्ही भाषा द्यायच्या. काट्यावर फसवणारा मराठी बोलू दे, बँकेच्या दारातली म्हातारी कन्नड बोलू दे. कायद्याच्या बाजूनंही हे लक्षात असावं. न्याय संहितेच्या १९६ व्या कलमात गटागटांत वैर पसरवण्याची जी कारणं मोजली आहेत त्यात भाषा स्पष्ट शब्दांत आहे.

संहिता पक्की करण्याआधी एक चाचणी करायची. कुठलाही वीस सेकंदांचा तुकडा उचलायचा आणि आधीचं-नंतरचं काही माहीत नसलेल्या माणसाला वाचून दाखवायचा. त्याला तो एखाद्या भाषेवरचा, जातीवरचा किंवा गावावरचा राग वाटला तर तो तुकडा नव्यानं लिहायचा. खलनायकाचं सगळ्यात जोरदार वाक्य बहुतेक इथंच अडकतं. ते वाक्य गमवायला जीव होत नाही, पण कापलेल्या व्हिडिओत नेमकं तेच आपल्या तोंडी घातलं जातं.

संवादाची भाषा इथलीच ठेवायची. पुण्याच्या मराठीत "मी बँकेत जाऊन आले" म्हणणारी बाई इथं परकी वाटते. इथल्या बायका "मी जाऊन आलो" म्हणतात, तसंच म्हणू द्यावं. अण्णा, अक्का, मामा ही हाक दोन्ही भाषांत चालते, तिचा उपयोग करून घ्यावा. खानापूरच्या पश्चिमेला, कोकणीच्या जवळ जाणाऱ्या गावांत गेलं तर तिथल्या एखाद्या मुलीला संवाद वाचायला देऊन बदलून घ्यावेत.

परवानगी. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, अर्ज हद्दीच्या ठाण्यात द्यायचा. गावात ठाण्याबरोबर ग्रामपंचायतीच्या पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला, एक प्रत. आठ दिवस आधी, कन्नडमध्ये, सोबत मराठी प्रत: तारीख, वेळ, जागा, कलाकार किती, किती मिनिटं, ध्वनिक्षेपक नाही. पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं वेगळी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, आणि इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. आम्ही ध्वनिक्षेपक टाळतो, त्यानं निम्मी कटकट वाचते. १७ जानेवारीचा सीमालढ्याचा हुतात्मा दिन, १ जूनचा कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि काळा दिन, आणि हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरतं ते दिवस, या काळात बंदोबस्त आधीच लागलेला असतो. ऊसबिलाचा प्रयोग तेव्हा मागितला तरी तो सीमाप्रश्नाचा म्हणूनच पाहिला जातो. विषय दुसरा असेल तर तारीखही दुसरी घ्यावी.

दोन माणसं रिंगणाच्या बाहेर हवीतच. एक गर्दीच्या मागून फिरत राहतो, दुसऱ्याकडं परवानगीची प्रत, चार्ज असलेला फोन आणि ओळखीच्या वकिलाचा नंबर. पथनाट्य करणाऱ्या सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ झंडापूरला हल्ला झाला तो नाटक चालू असतानाच, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. रिंगणात शिरलेल्या नटाला मागून काय येतंय ते दिसत नाही. कुणी दारू पिऊन आत आला तर त्याला हाकलू नये. बाहेरच्या माणसानं खांद्यावर हात टाकून चहाला न्यावं. घोषणा देत गट आला तर नाटक थांबवून सगळ्यांनी खाली बसायचं, हलगी पिशवीत.

प्रयोग संपला की लगेच पांगायचं नाही. खरी कमाई या अर्ध्या तासात होते. कोण पावती दाखवतो, कोण सांगतो की आमच्याकडं चौदा नाही, तीन महिने. कुणी आपला हिशेब चूक ठरवतो. एकानं फक्त ऐकायचं आणि वहीत टिपायचं, वाद घालायचा नाही. झोळी फिरवायची ती याच्या आधी. जमलेले पैसे तिथंच, गावातल्या दोन माणसांपुढं मोजायचे, आकडा मोठ्यानं सांगायचा आणि लिहायचा.

या अर्ध्या तासामुळंच पहिल्या प्रयोगांना आम्ही कॅमेरा नेत नाही. फोन वर झाला की बाया पदर ओढून मागं सरकतात आणि शेतकरी कारखान्याचं नाव गिळतो. त्याची भीती खरी असते. पुढच्या हंगामात तोड वेळेवर दिली नाही तर ऊस रानात वाळतो, वजन घटतं, आणि याला शिक्षा म्हणतासुद्धा येत नाही. नाटक बसलं, आकडे टिकले, की मग खास चित्रणाचा प्रयोग ठेवायचा. सुरुवातीला दोन्ही भाषांत सांगायचं की आज शूटिंग आहे, ज्यांना दिसायचं नाही त्यांनी दोरीच्या या बाजूला यावं. मुख्य फोन त्या बाजूनं लावायचा, म्हणजे तिकडचं कुणी चौकटीत येत नाही. दोरी खरोखर बांधायची. नुसतं सांगून लोक विसरतात.

दोन फोन पुरतात. एक तिपाईवर, साडेपाच फूट उंचीवर, पूर्ण रिंगण दिसेल असा. त्याला मध्येच कुणी हात लावायचा नाही. दुसरा हातात, चेहरे आणि हात टिपायला. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवायचं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि संध्याकाळी दुकानांचे दिवे लागले की इतर मापांत चित्र लुकलुकतं. १०८० पिक्सेलमध्ये मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी लागतात. म्हणजे दोन फोन मिळून एका प्रयोगाला पाच-सहा जीबी मोकळे हवेत. फोन विमान मोडवर टाकायचा, नाहीतर फोन आला की चित्रण तुटतं. त्याच रात्री दोन ठिकाणी नक्कल करायची आणि मगच फोन रिकामा करायचा.

चित्र बिघडलं तर लोक बघतात, आवाज बिघडला तर उठतात. फोनचा स्वतःचा माईक हलगीनं फुटतो. साधा रेकॉर्डर नटांपासून चार-पाच फुटांवर, हलगीच्या उलट बाजूला, जमिनीवर न ठेवता कमरेएवढ्या काठीवर. फरचं टोपण नसेल तर स्पंजाला पातळ सुती कापड गुंडाळायचं, निपाणीच्या उघड्या माळावर वारा सगळं खातो. आवाजाची पातळी बोलताना -१२ डेसिबलच्या आसपास ठेवायची. रेकॉर्डरमध्ये सोय असेल तर दुसरी कमी पातळीची पट्टी चालू करायची, हलगीचा भाग तीमधून घेता येतो. सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल असा हलगीचा एक ठोका मारायचा, संकलनात चित्र-आवाज त्यावर जुळवायचे. तरी पंधराव्या मिनिटाला ओठ आणि आवाज सुटतात, कारण फोन फ्रेमचा वेग कमीजास्त करत असतो. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाईल कॉन्स्टंट फ्रेमरेटमध्ये, म्हणजे एकसारख्या वेगात, बदलून घेतली की हा त्रास जातो.

इतकं करूनही अख्खं नाटक तसंच टाकलेला व्हिडिओ चालत नाही. चौकात गर्दीचा धक्का असतो, तो पडद्यावर येत नाही, आणि ओरडून म्हटलेला संवाद कानाजवळच्या फोनमध्ये अंगावर येतो. म्हणून व्हिडिओची संहिता वेगळी लिहायची, सात-आठ मिनिटांची. नाटकातलं काट्याचं दृश्य, मग एक पावती, मग पाटीवरचा हिशेब, मग चौदा ठोक्यांची मोजणी. उभ्या छोट्या व्हिडिओसाठी रिंगण कापून घ्यायचा प्रयत्न सोडून द्यावा, गोल उभ्या चौकटीत मावतच नाही. त्यासाठी एक नट, एक कागद, पन्नास सेकंद, असं वेगळं चित्रण करावं. चौकात नटानं पुढाऱ्याची केलेली नक्कल विरून जाते. व्हिडिओत ती बदनामीच्या खटल्याचा पुरावा होते. ती काढायची.

शेतकऱ्याची पावती दाखवताना नाव झाकून भागत नाही. सभासद क्रमांक, प्लॉट क्रमांक, सर्व्हे नंबर, वाहनाचा नंबर आणि पावतीचा अनुक्रमांक, यांतल्या एकावरूनही माणूस सापडतो. धूसर करण्यापेक्षा काळी पट्टीच मारायची. तोंड धूसर केलं तरी गोठा, बैल आणि आवाज गाव ओळखतं. ज्याला धोका आहे त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं, त्याला वाचून दाखवायचं आणि नटाकडून बोलवायचं, तसं पडद्यावर सांगून.

कन्नड उपशीर्षकं नसतील तर आमच्या मते हा व्हिडिओ अपुरा आहे. दोन ओळी, एका वेळी एक वाक्य, वाचायला पुरेसा वेळ. भाषांतर करणाऱ्याला आधीच सांगावं की युनिकोडमध्येच टाईप कर. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं इकडं चिकटवलं की नुसती चिन्हं उमटतात. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या मराठीचंही तेच. जोडाक्षरं संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुटतात का ते एक मिनिटाचा तुकडा बाहेर काढून आधी बघावं. सिनेमाच्या चालीवर बांधलेलं गाणं चौकात रंगतं, पण यूट्यूबवर त्यावर मालकीचा दावा येऊ शकतो. दाव्यानं बहुधा फक्त उत्पन्न जातं. ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन स्ट्राइक, म्हणजे अधिकृत ताकिदी, लागले तर मात्र चॅनेलच बंद होतं. भारुड, पोवाडा, गोंधळाच्या पारंपरिक चाली आपल्या तोंडानं गाव्यात. उत्पन्नाच्या आशेवर तर राहूच नये. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, आणि ते जमवायला विषय सनसनाटी करावा लागतो. आमची गाडी झोळी, वर्गणी आणि आपापल्या नोकऱ्यांवर चालते. बायांना राज्यातल्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेत तिकीट लागत नाही, त्यामुळं गटात बाया जास्त असल्या की प्रवास स्वस्तात होतो, हाही एक खरा आधार आहे.

लेख नाटकाच्या लेखकानं लिहू नये. त्याच्या वाक्याला घोषणेची सवय लागलेली असते. रिंगणाबाहेर वही धरून बसलेल्यानं पहिला खर्डा करावा, नाटकाच्या लेखकानं तो वाचावा. दैनिकाच्या पुरवणीला ८०० ते १,००० शब्द पुरतात, दिवाळी अंकाला अडीच-तीन हजार, पण तो मजकूर ऑगस्टच्या आत हवा. लेखात चौकात न मावलेलं सगळं येतं: उताऱ्याचा तक्ता, व्याजाचा हिशेब, कलमं, आणि कारखान्याची बाजू. ही बाजू लेखी विचारायची, सात दिवस द्यायचे, उत्तर आलं तर जसंच्या तसं छापायचं. कारखाने सांगतात ते कारण हवेतलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये ठरला, तो पुढं वर्षानुवर्षं तसाच राहिला. एफआरपी मात्र त्या हंगामातल्या २७५ वरून ३५५ वर गेली, मधे उताऱ्याचा पाया १० वरून १०.२५ टक्के झाला. हे लिहिल्यानं शेतकऱ्याची बाजू लंगडी होत नाही. चौदा दिवसांची जबाबदारी आदेशानं कारखान्यावरच टाकली आहे. उलट नाटकात कारखान्याच्या माणसाला हेच कारण बोलायला दिलं की त्याचं पात्र खरं होतं आणि लोक जास्त शांतपणे ऐकतात. लेखानं नाटक सुधारतं ते असं.

वर्षाची वाटणी पावसावर बसते. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगावात रिंगण धरता येत नाही, आणि जुलैत रोपलावणीला निम्मा गट शेतात असतो. ते महिने वहीचे, लेखाचे आणि मागच्या हंगामाचं चित्रण निस्तरण्याचे. दसऱ्यापासून तालमी, दिवाळीनंतर मार्चपर्यंत प्रयोग. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची साहित्य संमेलनं होतात, तिथं लेख घेऊन जावं. वाचणारा, प्रश्न विचारणारा श्रोता तिथं बसलेला असतो. एप्रिल-मेच्या जत्रांत गर्दी आयती मिळते, पण डीजेपुढं मानवी आवाज टिकत नाही, आम्ही जात नाही. एका दिवशी एका माणसाला एकच काम, हा नियम पाळावा. रिंगणातला नट मधेच फोन बघायला गेला की नाटकही जातं आणि चित्रणही. आणि एका आठवड्यात प्रयोग, व्हिडिओ, लेख तिन्ही काढायचा हट्ट धरला की पहिला बळी वहीचा पडतो.

दर हंगामाआधी केंद्र सरकार नवी एफआरपी जाहीर करतं. ती आली की वहीचा शेवटचा रकाना उघडायचा. नाटकातला आकडा त्याच दिवशी बदलायचा, लेखाच्या नव्या खर्ड्यात घालायचा. जुन्या व्हिडिओच्या शीर्षकात हंगामाचं साल नसेल तर ते टाकायचं आणि खालच्या वर्णनात नवा दर लिहायचा. गाण्यात मात्र दर कधीच गुंफू नये. यमक जुळवलेला आकडा दुसऱ्या वर्षी निघता निघत नाही, नट सवयीनं जुनाच म्हणून जातात. दर संवादात ठेवायचा, गाण्यात चौदा दिवस ठेवायचे.